आत्याबाईच्या मिशा आणि इतर गंभीर प्रश्न

मराठी घरांत काल्पनिक प्रश्नांची वासलात लावण्यासाठी एक म्हण पिढ्यान्‌पिढ्या हाताशी ठेवलेली असते, आणि वडीलधाऱ्यांच्या जिभेवर ती इतकी तयार असते की प्रश्न पुरता विचारून होण्याआधीच तिचा प्रयोग होतो : आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते. माणसाला शेपूट असते तर शिंप्याने पँटचे कापड किती जास्त मागितले असते, आठवड्यात दोन रविवार असते तर मटण कोणत्या रविवारी आणायचे, पृथ्वी उलटी फिरू लागली तर पश्चिमाभिमुख फ्लॅटचा भाव वाढेल की उतरेल, या सर्व पृच्छांना ही एकच म्हण सारखीच लागू पडते आणि विचारणाऱ्याने आता गप्प बसून जेवावे असा तिचा व्यावहारिक अर्थ असतो. तथापि ही म्हण जितक्या तुच्छतेने उच्चारली जाते तितकी ती साधी नाही. काल्पनिक विधानांची टवाळी करणारी ही म्हण स्वतःच एक काल्पनिक विधान आहे, आणि तिचे नीट पृथक्करण करू लागल्यास जेवण बरेच लांबू शकते.

तर्कशास्त्रात अशा विधानाला सोपाधिक विधान म्हणतात. ‘जर’ने बांधलेला त्याचा अटीचा भाग म्हणजे पूर्वांग आणि ‘तर’नंतर येणारा परिणामाचा भाग म्हणजे उत्तरांग. म्हणीच्या कर्त्याने, किंवा अधिक संभव असा की कर्त्रीने, उत्तरांग निवडताना दाखवलेली दक्षता कौतुकास्पद आहे. आत्या ही वडिलांची बहीण असल्याने तिचे पुरुषरूप काकाच ठरते, मामा ठरत नाही. आणि ज्या समाजात लग्नपत्रिकेतील नात्याची एक चूक दोन पिढ्या लक्षात ठेवली जाते, तेथे एवढी अचूकता अपेक्षितच होती. पूर्वांग मात्र कच्चे आहे. मिशा असणे ही काका होण्यास पुरेशी अट मानली, तर रोज सकाळी गुळगुळीत होऊन कचेरीत जाणाऱ्या काकांचे काय करावे असा प्रश्न उद्भवतो. आणि मिशा नसलेला काका आत्या ठरतो असा निष्कर्ष जे घाईने काढतील ते पूर्वांगनिषेधाचा दोष करतील, म्हणजे अट पुरी झाली नाही एवढ्यावरून परिणामही झाला नसणार असे धरून चालतील. पाऊस पडला तर रस्ता ओला होतो हे खरे, परंतु पाऊस पडला नाही म्हणून रस्ता कोरडाच असेल असे समजून पांढरी विजार घालून निघणाऱ्या गृहस्थाने फुटलेली जलवाहिनी विचारात घेतलेली नसते. याहून अवघड बाब आत्याबाईंच्या यजमानांची आहे, ज्यांना काही घरांत आतोबा म्हणतात. आत्याबाई काका झाल्या, तर काकांच्या जोडीदाराला काकू म्हणण्याची रीत असल्याने आतोबांना कोणत्या नावाने हाक मारावी याविषयी म्हण मौन पाळते, आणि आतोबांचे मत कोणी विचारल्याची नोंद नाही.

असल्या प्रश्नांवर माणसे तासन्‌तास का जमतात, याचे कारण त्यांच्या निरुपयोगीपणातच शोधावे लागते. गृहकर्जाचा व्याजदर स्थिर घ्यावा की बदलता, असा उपयुक्त प्रश्न चारचौघांत टाकला की त्यांतील बँकेत नोकरी केलेले एकच गृहस्थ बोलू लागतात आणि उरलेले तिघे ऐकण्याचा आव आणतात. घोड्याएवढ्या बदकाशी लढावे काय, असल्या प्रश्नाच्या बाबतीत मात्र कोणीही बँकेत नोकरी केलेली नसते. तेथे सेवानिवृत्त मुख्याध्यापक, नववीतला भाचा आणि इस्त्रीवाला हे सर्व समान अज्ञानाच्या पायरीवर उभे असतात, आणि मराठी समाजात इतकी समता अन्यत्र सहसा आढळत नाही. दुसरे असे, की या चर्चांत मतभेद होतात ते बहुधा उत्तराविषयी नसतात. ते प्रश्नाच्या अटींविषयी असतात, आणि अट ठरवणे हे उत्तर देण्यापेक्षा कितीतरी अधिक अधिकाराचे काम असल्याने प्रत्येकाला ते स्वतःकडे हवे असते.

भारतीय शास्त्रपरंपरेने या प्रकाराला एका हाताने जवळ केले आणि दुसऱ्या हाताने ढकलले. अक्षपाद गौतमाच्या नावावर असलेल्या न्यायसूत्रांत ज्या १६ पदार्थांची, म्हणजे विचारार्ह विषयांची, गणना आहे त्यांत तर्काला स्वतंत्र स्थान दिलेले असून तेथे तर्क म्हणजे मनाला येईल तो अंदाज नव्हे. ‘असे नसते तर काय झाले असते’ हे तपासून विरुद्ध पक्षाची अडचण उघड करणे म्हणजे तर्क : डोंगरावर अग्नी नसता तर धूरही नसता, आणि धूर तर दिसत आहे, तेव्हा अग्नी नाही म्हणणाऱ्याने फेरविचार करावा. त्याच यादीत पुढे चर्चेचे तीन प्रकार येतात. सत्य कळावे म्हणून चालते ती चर्चा वाद, जिंकण्यासाठी चालते ती जल्प, आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा खोडत राहणे म्हणजे वितंडा. कट्ट्यावर संध्याकाळी सात वाजता वाद म्हणून सुरू झालेला प्रश्न साडेसातला जल्प होतो, आणि ज्या सभासदाला घरी जाण्याची विशेष ओढ नसते तो आठनंतर वितंडा एकहाती चालवतो. सूत्रकारांनी कट्टा पाहिला नसावा, पण कट्टेकरी पाहिले असावेत असे मानण्यास जागा आहे.

ढकलण्याचे काम काकदंतपरीक्षा या दृष्टान्ताने केले. कावळ्याला दात किती, हे शोधत बसणे म्हणजे निष्फळ संशोधनाची परमावधी, असा संस्कृत पंडितांचा संकेत होता, आणि तो शतकानुशतके निर्धास्तपणे वापरला गेला. परंतु १८६१ मध्ये जर्मनीतील बव्हेरियात आर्किऑप्टेरिक्स या प्राचीन पक्ष्याचा पिसांसह सांगाडा हाती लागला आणि त्या कुळातील प्राण्यांच्या जबड्यांत खरेखुरे दात असल्याचे निष्पन्न झाले. पुढे २००६ मध्ये अमेरिकी संशोधकांना विशिष्ट जनुकीय दोष असलेल्या कोंबडीच्या गर्भांत दातांसारखे उंचवटे उगवताना आढळले. म्हणजे पक्ष्यांच्या दातांचा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता, तो केवळ फार लवकर विचारला गेला होता. तूप पात्राच्या आधाराने राहते की पात्र तुपाच्या, हे ठरवण्यासाठी भांडे उपडे करून पाहणाऱ्या नैयायिकाची गोष्टही हसण्यावारी नेली जाते. वस्तुतः त्या गृहस्थाने प्रयोग केला, निष्कर्ष काढला आणि खर्च स्वतः सोसला, एवढे पुण्य पुष्कळ प्रबंधांच्या वाट्याला येत नाही.

आता घोड्याएवढ्या बदकाकडे वळणे क्रमप्राप्त आहे. घोड्याएवढ्या एका बदकाशी लढावे की बदकाएवढ्या शंभर घोड्यांशी, हा प्रश्न इंटरनेटवर इतका रुळला, की २९ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा रेडिट या संकेतस्थळावर लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यास बसले तेव्हा तोही त्यांच्यापुढे आला. त्यांनी त्याला बगल दिली, आणि निवडणूक तोंडावर असताना बदके किंवा घोडे यांपैकी कोणाचीही नाराजी ओढवून घेणे शहाणपणाचे नव्हते हे मान्य केले पाहिजे. प्रश्नाचे उत्तर मात्र उपलब्ध आहे. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिलेला, आणि जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ मधील एका निबंधात अतिशय मजेदारपणे उलगडलेला नियम असा आहे, की प्राणी सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात वाढला तर त्याचे वजन लांबीच्या घनाने वाढते, हाडांचा छेद मात्र वर्गानेच वाढतो. (हे हॉल्डेन पुढे १९५७ मध्ये कोलकात्यास येऊन राहिले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले, तेव्हा बदकाचा निकाल काही अंशी स्वदेशी मानण्यास हरकत नसावी.) एक किलोचे बदक लांबी, रुंदी, उंची अशा तिन्ही दिशांनी आठ पट केले तर त्याचे वजन ५१२ किलो होते, म्हणजे बरोबर एका चांगल्या घोड्याइतके, परंतु पायांच्या हाडांची जाडी छेदात ६४ पटच वाढल्याने हाडाच्या प्रत्येक चौरस इंचावर आठ पट भार येतो आणि बदक लढाईच्या पहिल्या पावलालाच कोसळते. दुसऱ्या बाजूची स्थितीही फारशी आशादायक नाही, कारण लहान शरीरातून उष्णता भराभर निघून जाते आणि एकेक किलोच्या घोड्याला जिवंत राहण्यासाठी जवळजवळ अखंड चरावे लागेल. तात्पर्य, एक पक्ष पाय मोडून पडला आहे, दुसरा पक्ष गवतात तोंड घालून उभा आहे, आणि लढण्यास उत्सुक असलेला माणूस मध्ये एकटाच आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये शंभर माणसे विरुद्ध एक गोरिला असा सामना जगभर चर्चिला गेला, तेव्हाही गोरिलाची भूमिका कोणी विचारात घेतली नाही. हा प्राणी मुख्यतः पाला खातो आणि शंभर माणसे दिसल्यास झाडीत निघून जाणेच पसंत करील.

अटी निमूटपणे मान्य करण्याचे शिक्षण महाराष्ट्रात फार लवकर, म्हणजे काळ-काम-वेगाच्या उदाहरणांपासून, सुरू होते. एक नळ टाकी तीन तासांत भरतो आणि दुसरा तीच टाकी पाच तासांत रिकामी करतो, तर दोन्ही चालू ठेवल्यास टाकी किती वेळात भरेल, हे साडेसात तास असे सोडवून दाखवणारी मुले लाखांनी निघाली. दुसरा नळ आधी बंद का करू नये, असे विचारणाऱ्या मुलाला बाकावर उभे केले गेले आणि त्याच्यातला नळजोडणी कारागीर तेथेच संपला. आठ मजूर एक भिंत १२ दिवसांत बांधतात. तेव्हा ९६ मजूर ती एका दिवसात बांधतील, आठ तासांचा दिवस धरल्यास ७६८ मजूर एका तासात आणि ४६,०८० मजूर एका मिनिटात. त्रैराशिकाच्या दृष्टीने यात वावगे काहीच नाही. एवढ्या मजुरांनी एका भिंतीभोवती उभे कोठे राहावे, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा मानला जातो.

ही परंपरा थोर आहे. इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या आणि ज्याच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याच्या नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आढळतो, त्या भास्कराचार्याच्या ‘लीलावती’त एक मोर नऊ हात उंचीच्या खांबावर बसलेला आहे. खांबाच्या बुंध्याशी सापाचे बीळ आहे, आणि साप २७ हातांवरून बिळाकडे येत आहे. दोघांनी सारखेच अंतर कापले, तर मोर सापाला बिळापासून किती हातांवर गाठेल? उत्तर १२ हात असे येते, आणि काटकोन त्रिकोणाच्या नियमाने ते पडताळूनही पाहता येते. मात्र मोराने झेप घेण्यापूर्वी कर्णाची लांबी १५ हात काढली होती काय, आणि मोराला पाहूनही सापाने एका गतीने सरळ रेषेत येण्याचे कबूल का केले, हे आचार्य सांगत नाहीत. नावेतून वाघ, शेळी आणि गवताचा भारा पलीकडे नेणाऱ्या माणसाचेही असेच आहे. युरोपात हे कोडे शार्लमेनच्या दरबारातील विद्वान अल्क्विन याच्या नावावर असलेल्या संग्रहात लांडगा, शेळी आणि कोबी या रूपात आढळते, आणि सात फेऱ्यांत ते सुटते : आधी शेळी न्यावी, मग वाघ नेऊन शेळी परत आणावी, मग गवत पोचवावे आणि शेवटी पुन्हा शेळी. वाघ शेळी खातो पण नावाड्याला खात नाही, ही अट कोठेही लिहिलेली नसते. ती सर्वांनी समजुतीने मान्य केलेली असते, आणि कोडे चालते ते या समजुतीच्या जोरावरच.

काही कोड्यांत मात्र चूक अटींत नसून ऐकणाऱ्याच्या बेरजेत असते. तीन मित्र हॉटेलच्या खोलीसाठी प्रत्येकी १० रुपये असे ३० रुपये देतात. खोलीचे भाडे २५ च आहे हे लक्षात आल्यावर व्यवस्थापक पोऱ्याजवळ पाच रुपये परत पाठवतो. पोऱ्या दोन स्वतःकडे ठेवून प्रत्येकाला एकेक देतो. आता प्रत्येकाने नऊ म्हणजे एकूण २७ दिले, पोऱ्याकडे दोन, झाले २९. तर तिसावा रुपया गेला कोठे? हा रुपया महाराष्ट्रातील शाळांच्या सहलींत, लग्नाच्या वऱ्हाडांत आणि लोकलच्या डब्यांत अनेक दशके शोधला जात आहे. वास्तविक पोऱ्याचे दोन रुपये त्या २७ मध्येच आहेत, २५ गल्ल्यात आणि दोन त्याच्या खिशात, आणि त्यांत पुन्हा दोन मिळवण्याचे काहीच प्रयोजन नाही. परंतु हे स्पष्टीकरण ऐकून समाधान पावलेला श्रोता विरळा, कारण रुपया हरवला याचे त्याला दुःख नसते, पोऱ्या सुटला याचे असते.

सामूहिक कोडे-चर्चेचा सर्वांत मोठा नमुना म्हणून ज्याचा निर्देश करावा लागेल तो प्रसंग अमेरिकेत १९९० मध्ये घडला. ‘परेड’ या साप्ताहिकातील आपल्या सदरात मॅरिलिन व्हॉस साव्हंट यांनी सप्टेंबर महिन्यात एका वाचकाच्या प्रश्नाला उत्तर दिले. दूरचित्रवाणीवरील खेळात तीन दारे आहेत, एकामागे मोटार आणि दोहोंमागे बकऱ्या; स्पर्धक एक दार निवडतो; मग कोणत्या दारामागे काय आहे हे ठाऊक असलेला सूत्रधार उरलेल्यांपैकी बकरीचे एक दार उघडून दाखवतो आणि विचारतो, निवड बदलायची का? साव्हंट यांनी लिहिले की बदलावी, कारण त्यामुळे मोटार मिळण्याची शक्यता तिनांत एकवरून तिनांत दोन होते. त्यानंतर सुमारे १०,००० पत्रे आली. त्यांपैकी जवळजवळ १,००० पत्रे पीएच.डी. धारकांची होती, आणि अनेकांनी साव्हंट यांना गणित पुन्हा शिकण्याचा सल्ला दिला. उरलेल्या दोन दारांत शक्यता अर्धी-अर्धी, हे पत्रलेखकांना इतके स्वच्छ दिसत होते की पडताळणीची गरज त्यांना भासली नाही. वस्तुतः हाच प्रश्न संख्याशास्त्रज्ञ स्टीव्ह सेल्व्हिन यांनी १९७५ मध्येच एका संशोधनपत्रिकेत मांडून सोडवला होता, आणि त्याचे मर्म फार अवघड नाही. स्पर्धकाची पहिली निवड तीन वेळांपैकी दोन वेळा बकरीवर पडते. आणि ज्या ज्या वेळी ती बकरीवर पडली असेल त्या त्या वेळी दुसरी बकरी सूत्रधाराने स्वतःच बाजूला केलेली असल्याने, बदललेले दार हमखास मोटारीचे असते.

हे पटणे मात्र वेगळे. विसाव्या शतकातील अग्रगण्य गणितज्ञांपैकी एक असलेल्या पॉल एर्डिश यांनाही हे उत्तर प्रथम मान्य झाले नाही, आणि संगणकावर तो खेळ पुन्हा पुन्हा खेळून दाखवल्यावरच ते नमले, तेही कारण समजले नसल्याची तक्रार ठेवूनच. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कबुतरांपुढे याच धर्तीचा खेळ मांडण्यात आला. काही आठवड्यांच्या सरावानंतर कबुतरे जवळजवळ प्रत्येक वेळी निवड बदलू लागली, तर त्याच खेळात माणसांना भरपूर सराव देऊनही ती पहिल्या निवडीला चिकटून राहण्याचे प्रमाण मोठे होते. याचा अर्थ कबुतरे संभाव्यताशास्त्रात पुढे आहेत असा नाही. कबुतराने आपले पहिले मत चारचौघांत जाहीर केलेले नसते, एवढाच फरक आहे. चारचौघांत एकदा बोलून बसलेल्या माणसाला मोटार सोडणे मत सोडण्यापेक्षा सोपे जाते.

येथवर आलेला वाचक म्हणेल की हे सर्व रिकामटेकड्यांचे उद्योग आहेत आणि जबाबदार संस्थांना यासाठी सवड नसते. वस्तुस्थिती उलट आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २००६ मध्ये एका न्यायाधीशांना बुरिटो, म्हणजे गव्हाच्या पोळीत भाजी-भात-मांस गुंडाळलेला मेक्सिकन पदार्थ, सँडविच आहे की नाही हे ठरवावे लागले, कारण एका खाद्यगृहाने जागेच्या करारात दुसऱ्या सँडविचवाल्याला शेजार देऊ नये अशी अट घालून घेतली होती. सँडविचला सामान्यतः पावाचे दोन काप लागतात आणि बुरिटोला पोळी एकच असते, या आधारावर बुरिटो सुटला. या निवाड्याचा वडापावावर होणारा परिणाम अद्याप कोणी तपासलेला दिसत नाही. गाडीवरचा पाव कापताना त्याची एक कड जोडलेली ठेवण्याची पद्धत आहे, तेव्हा तो कायद्याने एकच तुकडा ठरतो आणि वडापाव सँडविच ठरत नाही; परंतु सुरीचा हात किंचित जोरात बसून पावाची दोन शकले झाली, तर हातात आलेली वस्तू त्या क्षणी सँडविच होते, आणि गिऱ्हाइकाला याची पूर्वसूचना देण्याची कोणतीही तरतूद नाही. पुरणपोळी हा भरलेल्या पराठ्याचा गोड प्रकार आहे काय, हा याच वर्गातील प्रश्न होय. तो विद्वत्सभेत मांडता येतो, सणाच्या दिवशी स्वयंपाकघरात मांडू नये.

करवसुलीच्या क्षेत्रात तर असल्या प्रश्नांवर सरकारी तिजोरी अवलंबून असते. ब्रिटनमध्ये १९९१ साली जाफा केक नावाचा चॉकलेट लावलेला खाऊ केक की बिस्किट, असा वाद कर-न्यायाधिकरणापुढे चालला, कारण चॉकलेटचे आवरण असलेल्या बिस्किटावर कर होता आणि केकवर नव्हता; शिळा झाल्यावर केक कडक होतो आणि बिस्किट मऊ पडते, हे निरीक्षण तेथे गांभीर्याने विचारात घेतले गेले आणि निकाल केकच्या बाजूने लागला. भारतात २०२० मध्ये कर्नाटकातील अग्रिम निर्णय प्राधिकरणाने, म्हणजे कर किती लागेल हे आधीच विचारून घेण्याच्या कार्यालयाने, परोटा ही रोटी नव्हे असे ठरवून ५ ऐवजी १८ टक्के कर योग्य मानला. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथे भरलेल्या वस्तू व सेवा कर परिषदेत मिठाच्या सुट्या पॉपकॉर्नला ५, पाकीटबंद असल्यास १२ आणि साखरेच्या पाकातल्या पॉपकॉर्नला १८ टक्के असा खुलासा झाला. मका तोच, लाही तीच. आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने खोबरेल तेल खाण्याचे की केसांचे, या प्रदीर्घ वादाचा निकाल दिला. २०१८ मध्ये दोन न्यायाधीशांत या प्रश्नावर मतभेद झाल्याने प्रकरण तिघांपुढे गेले होते. लहान बाटलीतले शुद्ध खोबरेल तेल, वेष्टनावर केसांचे तेल म्हणून विकलेले नसेल, तर खाद्यतेलच समजावे असे त्यांनी सांगितले. आत्याबाईंच्या मिशांवर हसणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी की बाटलीतील तेलाला स्वतःला आपण फोडणीत जाणार की वेणीत हे ठाऊक नसते, आणि तरीही २०२५ पर्यंत करात तेरा टक्क्यांचा फरक त्या भविष्यामुळे पडत असे.

या सर्व व्यवहाराचे मूळ पीठ अर्थातच वेताळपंचविशी आहे. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात ‘कथासरित्सागरा’त तिचा समावेश केला, आणि ‘चांदोबा’ मासिकाने ती मराठी मुलांच्या उशाशी आणून ठेवली. राजा प्रेत खांद्यावर घेऊन निघतो, वाटेत त्यातला वेताळ गोष्ट सांगून कोडे घालतो, आणि करार असा असतो की उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होतील, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळेल. नातेवाईकांच्या मोबाइल गटात रात्री साडेअकरा वाजता एखादे कोडे येऊन पडते तेव्हा प्रत्येक सभासद नेमका याच करारात सापडलेला असतो. उत्तर न दिल्यास डोके फुटण्याची पाळी येते, आणि दिल्यास पुढचे कोडे येते. राजाने आधीची सर्व कोडी सोडवली, नवरा आणि भाऊ यांची डोकी चुकीच्या धडांवर बसली तर स्त्रीने पती कोणाला मानावे यासारखी अवघड कोडीही त्याला अडवू शकली नाहीत (ज्याच्या धडावर नवऱ्याचे डोके आहे त्याला, असे त्याचे उत्तर होते). तो अडला तो अगदी शेवटी. एक बाप आणि मुलगा वाटेत दोन स्त्रियांच्या पाऊलखुणा पाहतात आणि ठरवतात की मोठ्या पावलांच्या स्त्रीशी बापाने आणि लहान पावलांच्या स्त्रीशी मुलाने लग्न करावे. त्या निघतात मायलेकी, आणि लहान पावले आईची असतात. बापाने मुलीशी आणि मुलाने आईशी लग्न केले, तर या दोन्ही जोडप्यांना झालेली मुले एकमेकांची कोण? राजा विचार करत राहिला, त्याला नाते सापडले नाही, तो गप्प बसला, आणि त्यामुळेच वेताळ झाडावर परत न जाता त्याच्यावर प्रसन्न झाला. ज्या वाचकांना हे नाते या क्षणी कागदावर मांडून पाहण्याची अनावर इच्छा झाली असेल त्यांनी ते अवश्य मांडावे. मात्र उत्तर सापडल्यास कृपया गटावर टाकू नये.